अनुभव पदरी आला, आता पुढे काय?

साक्ष द्यायला उभं राहिलेलं माणूस बहुधा एका संकटाची गोष्ट सांगतं. आजारपण होतं, नोकरी गेली होती, घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. प्रार्थना केली आणि प्रभूनं हात दिला. मंडळी 'आमेन' म्हणते, पुढचं गाणं सुरू होतं. त्या साक्षीवर माझा विश्वास असतो. काळजी वाटते ती सोमवारची. तोच माणूस सोमवारी सख्ख्या भावाला वाटणीवरून कोर्टात खेचतो, मुलीला आलेलं स्थळ पूर्वीची जात विचारून परत पाठवतो, नाहीतर प्रार्थनासभेत भेटलेल्या कुणालाही साठवलेले पैसे काढून देतो. अनुभव खोटा नव्हता. त्याचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पहाडगंजात आणि आसपास राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती लोकांना डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहितो आहे. नवी दिल्ली स्टेशनाच्या एक नंबर फलाटाकडून बाहेर पडलं की समोर पहाडगंजच. आरामबागेत नूतन मराठी शाळा आहे, त्यामुळे मराठी इथे अगदी परकी नाही. पण आपली माणसं येतात ती वेगवेगळ्या कामांनी आणि बरीचशी एकटी. कुणी करोलबाग-राजेंद्रनगरच्या क्लासेससाठी स्वस्त खोली बघतं, कुणी नर्स म्हणून नव्या नोकरीवर रुजू होतं, कुणी रेल्वेत असतं. काही जण आजारी मूल घेऊन लॉजवर उतरतात, कारण लेडी हार्डिंग, कलावती सरन आणि राममनोहर लोहिया ही रुग्णालयं इथून जवळ आहेत आणि एम्सला मेट्रो थेट जाते. गावाकडे पाळक होते, आजी होती, चुकलं तर कान धरणारे काका होते. इथे निर्णय मात्र आठवड्याला नवा असतो आणि विचारायला जवळ कुणी नसतं. अशा वेळी माणूस आपल्या अनुभवावर भिस्त ठेवतो. म्हणूनच अनुभवातून शहाणपण कसं येतं आणि कुठे अडतं, हे नीट बघायला हवं.

यासाठी पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्या भाषेत, आपल्या मातीत आहे. पुण्याहून सुटलेली झेलम एक्सप्रेस दौंडकडे जाताना केडगाव ओलांडते आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला इथे आणून सोडते. त्या केडगावात रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. गाडीतून तो भाग दिसतो, पण आपल्यापैकी बहुतेकांना रमाबाई एवढ्याच माहीत असतात की त्या मोठ्या होत्या.

त्यांचा जन्म १८५८चा. लहानपण तीर्थयात्रेत, पायी फिरण्यात, पुराणं सांगण्यात गेलं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरले त्या आणि भाऊ श्रीनिवास. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोनच वर्षांत नवराही गेला, पदरात लहानगी मनोरमा. १८८३च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. इथवर आपण सगळे सांगतो. पण १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी पुढचं जे कबूल केलं, ते आपण फारसं सांगत नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, स्वतः ख्रिस्त अजून मिळालेला नाही.

मधल्या आठ वर्षांचा हिशेब बघा. त्या वर्षांत त्या अमेरिकेला जाऊन आल्या, भाषणं दिली, पुस्तक लिहिलं, १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला नेलं. विधवांना शिकवलं, टीका सोसली. बाहेरून बघणाऱ्याला ही बाई पूर्ण विश्वासात उभी आहे असंच वाटलं असतं. तरी आत काय नाही, हे त्यांनी ओळखलं, आणि नाव झाल्यावरही लिहून ठेवलं. देवाकडचं शहाणपण इथून सुरू होतं असं मी मानतो. आपल्याला जे कळलेलं नाही ते कळलंय असं न दाखवणं, ही त्याची पहिली खूण.

मंडळीत याच्या उलट दडपण असतं. तुम्हाला काही जाणवत नसेल, प्रार्थना कोरडी जात असेल, तर ते सांगायची सोय नसते. शेजारचा रडतो म्हणून आपणही डोळे पुसतो. हे करू नका. उसनी आणलेली भावना माणसाला आणखी आत बंद करते. तुमची आठ वर्षं चालू असतील तर ती चालू आहेत असं एका विश्वासू माणसाला सांगा आणि वाचन, प्रार्थना, काम सोडू नका. रमाबाईंनी त्या काळात सदन बंद केलं नव्हतं.

दुसरी गोष्ट १८९६-९७ची. मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंकडे आधीच मुली होत्या, जागा आणि पैसा बेताचा होता. नाही म्हणायला कारणं भरपूर होती. पण स्वतःच्या लहानपणीची भूक त्यांना आठवली. उपाशी मुलीला कोण कशी फूस लावून नेतं, अन्नाच्या बदल्यात काय मागितलं जातं, हे मदतछावण्यांत फिरताना त्यांच्या लगेच लक्षात आलं. तीनेकशे विधवा आणि मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतावर त्यांची सोय केली. मुक्ती मिशन तिथे उभं राहिलं: शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, शाळा.

वीस वर्षांपूर्वीचं दुःख त्यांनी कसं वापरलं ते पाहण्यासारखं आहे. 'मीही सोसलंय' असं सांगून त्या थांबल्या नाहीत, आणि 'मी सोसलं, तुम्हीही सोसा' असंही म्हणाल्या नाहीत. आपल्याला काय कमी पडलं होतं ते आठवून त्यांनी नेमकं तेच दुसऱ्याला दिलं: धान्य, सुरक्षित छप्पर, हाताला काम, वाचायला अक्षर. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला हाच क्रम आहे. देव आपलं सांत्वन करतो ते आपण तेच सांत्वन दुसऱ्यापर्यंत न्यावं म्हणून. सांत्वन आपल्याजवळच राहिलं तर ती फक्त आठवण असते.

आता हे पहाडगंजात कसं करायचं? रुग्णालयापासून सुरू करतो, कारण आपली खरी परीक्षा तिथे होते.

समजा, परभणीकडचा एक बाप मुलाला घेऊन लॉजवर उतरला आहे. खोलीत एक पलंग, खिडकी दुसऱ्या इमारतीच्या भिंतीकडे. उशीखाली रिपोर्टची फाईल, तिच्यात ओपीडीची पर्ची, मागच्या डॉक्टरची चिठ्ठी, प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे. खाली चहावाल्याशी तो मोडक्या हिंदीत बोलतो. सकाळी सहाला रांगेत उभं राहायचं असतं, मुलाजवळ कुणीतरी थांबायचं असतं आणि तो एकटा आहे. मंडळीतल्या दोघांना त्याचा नंबर मिळतो आणि दोघं भेटायला जातात.

पहिला चांगला माणूस आहे. त्याचा स्वतःचा मोठा आजार प्रार्थनेनं बरा झाला, ही त्याची साक्ष आहे. तो उभ्या उभ्याच ती सांगतो. मग विचारतो, घरात काही पाप लपलंय का? विश्वास पुरा आहे का? डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना करतो आणि निघतो. त्यानंतर बापाच्या मनात मुलाच्या तापाशिवाय आणखी एक ओझं राहतं: हे माझ्यामुळे झालं का?

दुसऱ्या आहेत निवृत्त नर्सबाई. त्यांनी स्वतःचं मूल गमावलं आहे. ते त्या सांगत नाहीत. खाली बसतात, विचारतात, जेवलात का? डबा उघडतात. फाईल मागून घेतात, कागद तारखेप्रमाणे लावतात, कोणत्या काउंटरला कोणता कागद लागेल ते वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहितात. म्हणतात, "उद्या सकाळी मी पोराजवळ बसते, तुम्ही रांगेला जा." निघताना दोन वाक्यांची प्रार्थना, मराठीत.

या दोघांपैकी अनुभवी कोण? दोघंही. शहाणपण कुणाकडे आहे, हे त्या बापाला विचारावं लागणार नाही. ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले. तेवढं त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडल्यावर बिघडलं. ते जे बोलले त्यातलं बरंचसं शास्त्राच्या दृष्टीनं चुकीचं नव्हतंच. चुकीचं होतं ते त्या माणसाला, त्या दिवशी ते ऐकवणं. पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावर रागावतो, ईयोबावर नाही. आणि ईयोब? देवाबद्दल आजवर ऐकलेलं होतं, आता त्याला पाहिलं, असं तो म्हणतो. त्याच्या 'का'ला उत्तर मात्र मिळालेलं नाही. खरा अनुभव आलेल्या माणसाकडे दुसऱ्याच्या दुःखाची कारणं तयार नसतात.

म्हणून एक नियम कडक पाळा. आपल्या बरं होण्याच्या अनुभवावरून कुणालाही औषध बंद करायला, तपासणी टाळायला, डॉक्टर बदलायला सांगू नका. कुणी तुम्हाला तसं सांगत असेल तर तो कितीही मोठा प्रार्थना करणारा असो, ऐकू नका. देवानं तुमच्यासाठी जे केलं त्याचे आभार माना; दुसऱ्याच्या मुलासाठी त्यानं काय करायचं हे तुम्ही ठरवायचं नाही.

अनुभव शहाणपणापर्यंत न पोचण्याचं एक साधं कारण आहे: आपण तो तपासत नाही. घडलं, हललो, सांगितलं, संपलं. पुढच्या वेळी सांगताना थोडं वाढतं, त्याच्या पुढच्या वेळी आणखी. काही वर्षांत खरं काय झालं होतं ते आपल्यालाही आठवत नाही. त्यासाठी एक वही ठेवा. मोबाईलमध्ये नको, वहीच, कारण मागची पानं उलटता येतात. पानावर उभी रेघ मारा. डावीकडे फक्त घडलेलं लिहा: तारीख, कोण, काय, किती. उजवीकडे, त्यातून देव मला काय सांगतोय असं मला वाटलं ते. महिन्यानं त्याच पानाखाली पुढे काय झालं ते लिहा. घटना आणि तिचा आपण लावलेला अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा कागदावर दिसलं की माणूस 'देवानं मला सांगितलं' असं पटकन म्हणत नाही. 'मला असं वाटतंय, तुम्हीही बघा' असं म्हणतो. एवढ्या फरकानं कितीतरी घरं वाचतील.

अर्थ ताडून बघायला याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय हाताशी ठेवा. त्याच्या शेवटी वरून येणाऱ्या शहाणपणाची लक्षणं दिली आहेत आणि खालच्याचीही. माझ्या शब्दांत सांगायचं तर: हेतू स्वच्छ आहे का? त्यानं भांडण वाढतंय की मिटतंय? दुसऱ्याचं ऐकून घ्यायची तयारी आहे का? दया आहे का? फळ दिसतंय का? आणि तोंडावर एक, मनात एक असं तर नाही ना? याकोबानं बुद्धीची तीक्ष्णता, शिक्षण, बोलण्याची हातोटी यांतलं काहीही त्या यादीत घातलेलं नाही. उलट मत्सर आणि पुढे जाण्याची हाव असेल तिथे कितीही हुशारी असली तरी ती वरून आलेली नाही, असं तो स्पष्ट म्हणतो. स्पर्धा परीक्षेच्या वातावरणात राहणाऱ्या मुलांनी हे आधी वाचावं. रूममेटची टेस्ट सिरीज चांगली गेली म्हणून पोटात दुखत असेल, तर त्या रात्री करिअरचा मोठा निर्णय घेऊ नका. झोपा. सकाळी बघा.

घाई ही तर मोठीच खूण. मेन बाजारात खोली बघायला गेलात की दलाल म्हणतो, आत्ता टोकन द्या, दुसरी पार्टी खाली उभी आहे. आपण हसतो, कारण ही युक्ती आता सगळ्यांना माहीत आहे. पण तीच युक्ती देवाच्या नावानं केली की आपण फसतो. 'प्रभूनं मला दाखवलंय, तुझं लग्न याच्याशी व्हायचंय.' 'आज बी पेरलं नाहीस तर आशीर्वाद निघून जाईल.' 'ही गोष्ट पाळकांना सांगू नकोस, त्यांना आत्मिक दृष्टी नाही.' अशी तीन वाक्यं तीन वेगळ्या माणसांकडून आली तरी घडण एकच आहे: तुमचा विचार करण्याचा वेळ काढून घ्यायचा आणि तुम्हाला इतरांपासून तोडायचं. दुसऱ्याला झालेला साक्षात्कार तुमच्यावर आज्ञा म्हणून लागू होत नाही. देवाला तुमच्याशी बोलायचं असेल तर त्याला तुमचा पत्ता माहीत आहे. नव्यानं दिल्लीत आलेल्या मुलींनी हे नीट लक्षात ठेवावं, आणि मंडळीतल्या मोठ्या बायकांनी ते त्यांना पहिल्याच महिन्यात सांगावं. असं दडपण आणणाऱ्याला मंडळीनं उघड थांबवलं पाहिजे. 'आत्मिक माणूस आहे, जाऊ द्या' म्हणून सोडता कामा नये.

मग विचारायचं कुणाला? आपल्याकडे म्हणतात, माझे केस काही उन्हानं पांढरे झाले नाहीत. पण काहींचे खरोखरच उन्हानं झालेले असतात. वय आणि मंडळीतली वर्षं यांवर जाऊ नका. मी तरुणांना सांगतो, सल्ला मागण्याआधी त्या माणसाला थोडे दिवस बघा. त्यानं कधी 'माझं चुकलं' असं लोकांसमोर म्हटलंय का? त्याच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईशी तो कसा बोलतो? घेतलेले पैसे ठरल्या तारखेला परत करतो का? तुमच्याशी बोलताना दुसऱ्या कुणाचं गुपित त्याच्या तोंडून बाहेर पडतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर तुमचंही पडेल. या चार गोष्टी ठीक असतील, तर तो माणूस शिकलेला असो वा नसो, त्याच्यापुढे बसा. लक्ष्मीबाई टिळकांचं शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतं, आणि मराठीतली इतकी प्रांजळ आत्मकथा त्यांच्याच हातून लिहून झाली.

लक्ष्मीबाईंचा विषय निघालाच आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५मध्ये झाला. त्याआधी, १८९३मध्ये, नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी प्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार दिला होता आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले होते. टिळक कवी, विचारवंत. त्यांची वाट ग्रंथांतून गेली. लक्ष्मीबाईंची वाट स्वयंपाकघरातून गेली. नवरा ख्रिस्ती झाला, ताटातूट झाली, पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी सोवळं सोडलं नाही. चूल वेगळी, पाणी वेगळं. मग एकदा त्यांनी आपलाच प्रश्न आपल्याच डोक्यानं सोडवला: माणसामाणसांतला हा भेद देवानं केला असता तर पशुपक्ष्यांत दिसतो तसा तो अंगावर दिसला असता. तो माणसानं केलेला आहे. हे पटल्यावर त्या तिथेच थांबल्या नाहीत. कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं असं ठरवलं आणि तसं वागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९००चा.

या क्रमाकडे बघा. आधी पटलं तेवढं वागल्या, मग पुढचं उमगलं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू हेच म्हणतो, की जो देवाची इच्छा पाळायला तयार होईल त्याला शिकवण कुठून आली ते कळेल. आपण उलट करतो. आधी सगळं कळू दे, मग पाळू. दहा अभ्यासवर्ग करतो, आणि क्षमा करायची आहे ती बहीण नाशकात आपल्या फोनची वाट बघत असते.

लक्ष्मीबाईंचा प्रश्न आपला अजून सुटलेला नाही, हेही इथे सांगायलाच हवं. सोवळं गेलं, पण स्थळ बघताना 'मूळचे कोण' हे विचारलं जातं, अगदी बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झालेल्या घरांत. पहाडगंजात एका मेसमध्ये, एका खोलीत, सगळीकडची मुलं एकत्र जेवतात. हाच अनुभव गावी घेऊन जा. इथे ज्याच्या ताटातलं खाल्लंत, त्याच्या घरी सोयरीक का नाही, हा प्रश्न आपल्या आईवडिलांना प्रेमानं विचारा. मी हा मुद्दा बाजूला ठेवणार नाही; शहाणपण वरून आलंय की नाही, ते इथे सगळ्यात लवकर कळतं.

मागण्याबद्दल थोडं. गिबोन इथे देवानं शलमोनाला हवं ते माग म्हटलं, तेव्हा त्यानं लोकांचा न्याय करायला समजणारं मन मागितलं. ही गोष्ट आपण रविवारच्या शाळेपासून ऐकतो. पण त्याच पहिल्या राजांच्या पुस्तकात अकरावा अध्यायही आहे आणि त्यात म्हातारा शलमोन भरकटलेला आहे. एकदा मिळालेलं शहाणपण जन्मभर पुरत नाही. ते रोज मागावं लागतं, आणि नेमकं मागावं लागतं. 'प्रभू, मला ज्ञान दे' असं मोघम म्हणण्यापेक्षा 'आज अकरा वाजता वॉर्डच्या सिस्टरशी बोलायचंय, माझा आवाज चढू देऊ नकोस' असं मागा. संध्याकाळी काय झालं ते वहीत लिहा. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायाच्या शेवटी प्रौढ लोकांबद्दल म्हटलंय की सरावानं त्यांची चांगलं-वाईट ओळखायची शक्ती तयार होते. सराव लहान गोष्टींवरच होतो.

आणि प्रार्थना मराठीत करा. दिल्लीतल्या मंडळ्यांत उपासना बहुतेक हिंदीत होते. मंदिर मार्गावरच्या विटांच्या सेंट थॉमस चर्चमध्ये जा, आणखी कुठे जा, हिंदी गीतं मनापासून गा, तिथल्या लोकांत मिसळा. त्या मंडळीचे व्हा. पण खोलीचं दार लावल्यावर ज्या भाषेत तुम्ही आईशी भांडता त्या भाषेत देवाशी बोला. रमाबाईंनी पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करताना कमी शिकलेल्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीचा हट्ट धरला होता. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कित्येक वर्षं त्यात घातली, १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर आला. १९०५मध्ये मुक्तीत मोठं संजीवन झालं, मुली रात्र रात्र प्रार्थनेत होत्या, ते जगभर गाजलं. तरीही रमाबाईंनी शब्दाशब्दावर बसून करायचं हे काम सोडलं नाही, शेत आणि शाळाही सोडली नाही. आपल्याकडे एक चांगली सभा झाली की दुसऱ्या दिवशी अभ्यास आणि ड्यूटी दोन्ही बुडतात. तेव्हा हे आठवावं.

शेवटची सूचना करून थांबतो. चार जण जमवा. त्यात एक वयानं मोठं माणूस असावं, निदान एक बाई असावी, आणि सगळे एकाच गावचे किंवा एकाच ऑफिसचे नसावेत. महिन्यातून एकदा कुणाच्यातरी खोलीत, रात्रीच्या जेवणानंतर. एका वेळी एकानंच आपला एक खरा निर्णय मांडायचा: नोकरी सोडू का, गावी परत जाऊ का, या मुलाला होकार देऊ का, भावाला पैसे देऊ का. पहिली पंधरा मिनिटं कुणी सल्ला द्यायचा नाही; फक्त प्रश्न विचारायचे. मग याकोबाचा तो भाग वाचायचा, थोडा वेळ गप्प बसायचं. नंतर प्रत्येकानं आपल्याला काय वाटतं ते सांगायचं, आणि 'देव म्हणतो' ऐवजी 'मला वाटतं' असंच म्हणायचं. निर्णय ज्याचा त्याचा. खोलीत बोललेलं खोलीत ठेवायचं. तीन महिन्यांनी त्याच माणसाला विचारायचं, काय केलंस आणि काय झालं? ते वहीत लिहून घ्यायचं, चुकलं असेल तर तसंच लिहायचं, आणि मग दुसऱ्याची पाळी.

पहिल्या महिन्याला कुणीच निर्णय घेऊन आलं नाही, तर सगळ्यांनी मिळून जवळच्या रुग्णालयात आपल्याकडचं कुणी एकटं आहे का ते बघून यावं, डबा घेऊन.